ब्लूबेरीला घातलेली राख

“पाचही गेली, आई,” केतकी म्हणाली.

परसात, झाडांपुढे, गवतात फतकल मारून बसली होती माझी सून. दुपारचे दोन वाजले तरी अंगात रात्रीचाच गाऊन. केसांना चार दिवस फणी लागलेली नव्हती. आत पाळण्यात अडीच महिन्यांची रेवा टाहो फोडत होती, आणि तिच्या आईला ते ऐकूच येत नव्हतं.

“गेली कशानं? हिरवी दिसतात की अजून,” मी म्हटलं.

“शिरा तेवढ्या हिरव्या आहेत. पान सगळं पिवळं पडलंय. बघा ना.”

मला बघायची गरज नव्हती. झाडं माझ्या हवाली होती, आणि आठ दिवस मी चोरासारखी येताजाता तेच बघत होते.

“तीन वर्षं सांभाळली हो मी. उणे पस्तीसमध्ये जगली ही झाडं. बर्फाखाली गाडलेली असायची. आणि आता ऊन पडलंय, तर मरतायत.” एक पिवळं पान तोडून तिनं ते बोटांत चुरगाळलं. “माझ्या हातून काही जगतच नाही, आई.”

“काहीतरीच बोलू नकोस,” असं म्हणून मी रेवाला घ्यायला आत आले. खरं सांगायचं तर पळून आले.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची, विनिपेगची. कॅनडातलं ते गाव म्हणजे एप्रिलातही रस्त्याच्या कडेला माणसाच्या उंचीचा काळाकुट्ट बर्फ साचलेला. माझा मुलगा निरंजन तिथं नोकरीला. सुनेचं बाळंतपण करायला मी गेले होते. तिची आई ती कॉलेजात असतानाच वारली, त्यामुळे दुसरं कोण जाणार? मालन सिस्टर आहेत की! मालन सिस्टरना काय होतंय, घोड्यासारख्या धडधाकट आहेत!

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं मी नर्स होते. निम्म्या नाइट ड्यूट्या. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, त्या अकरा वर्षं. त्या गेल्या, तर दीड वर्षात ह्यांना अर्धांगवायू, तो चार वर्षं. ह्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच महिन्यात मी निवृत्त झाले. फलटणला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलेला होता. मनात एकच बेत होता. दार लावायचं आणि झोपायचं. कुणी काशीला जातं, कुणी भजनी मंडळात. मला बाई झोपायचं होतं. पलंगसुद्धा नवीन घेऊन ठेवला होता, त्याचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, आणि निरंजनचा फोन आला.

सहा महिन्यांचा मुक्काम, आठ ऑक्टोबरचं परतीचं तिकीट. ते तिकीट मी छापून घेतलं होतं आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवलं होतं. रोज एकदा काढून बघायची. हसू नका. तुरुंगातली माणसंही असंच करत असतील.

मी पोचले तेव्हा केतकीला नववा संपत आला होता. पोट सांभाळत ती मला परसात घेऊन गेली. बर्फ नुकता वितळत होता आणि चिखलात गुडघ्याएवढ्या तांबूस काटक्या उभ्या होत्या. प्रत्येकीपुढे पाटी, पाटीवर पेन्सिलनं जातीचं नाव आणि लावल्याची तारीख.

“ब्लूबेरी,” ती कौतुकानं म्हणाली. “इथल्या थंडीत टिकणारी जात शोधायला मला सहा महिने लागले. इथली माती चिकट, खारट. म्हणून गुडघाभर खड्डे काढले, ती माती फेकून दिली, नवी घातली. पाइनची सुईसारखी पानं, थोडं गंधक. यांना आंबट माती लागते आई.”

“आंबट? माती आहे का ताक?” मी म्हटलं. ती खूप हसली. ते हसणं मला आठवतं, कारण पुढे तीन महिने ते परत ऐकायला मिळालं नाही.

पहिली दोन वर्षं आलेली सगळी फुलं तिनं खुडून टाकली होती म्हणे. मुळं धरावीत म्हणून. “यंदा पहिल्यांदा फळ धरू देणार. बाळ आणि बेरी एकाच वर्षी,” ती म्हणाली. मला ते ऐकून कसंतरीच झालं. फुललेलं खुडायचं म्हणजे काय! पण म्हटलं, शिकलेल्या मुली आहेत, आपण कशाला तोंड घाला.

रेवा एप्रिलच्या शेवटी झाली. सुटका अवघड झाली, टाके पडले. केतकी घरी आली ती जिना चढून वर गेली आणि खाली उतरायची जवळपास बंदच झाली. “आई, झाडांना तेवढं पिंपातलं पाणी घालाल? पावसाचंच घाला, नळाचं नको,” एवढं तिनं वरून सांगितलं. म्हणजे बाळाचं अंघोळपाणी माझ्याकडे, स्वयंपाक माझ्याकडे, आणि आता पाच झाडंही माझ्याकडे. निरंजन सकाळी सातला जायचा, संध्याकाळी सहाला यायचा आणि विचारायचा, “सगळं ठीक ना?” त्याला ‘हो’ ऐकायचं असायचं. मी ‘हो’ म्हणायची.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात बारसं केलं. निरंजनचे मित्र आले होते. तिकडे परसात लोखंडी शेगडी असते मोठी, तिच्यात लाकडं पेटवून सगळे भोवती बसतात. दुसऱ्या दिवशी शेगडीत पांढरीशुभ्र, मऊ राख. माझे तर डोळेच चमकले. नेमकी त्याच सकाळी ब्लूबेरीच्या कोवळ्या शेंड्यांवर मला माव्याची बारीक कीड दिसली होती. आमच्याकडे वालाच्या वेलावर मावा पडला की पहाटे दवात राख मारायची, वांग्याच्या बुडाशी ओंजळभर घालायची. माझ्या आईनं केलं, सासूनं केलं, दवाखान्याच्या आवारातल्या भाज्यांना मी स्वतः केलं. त्यात विचारायचं काय? मी जुन्या ओढणीतून राख चाळली, पानांवर भुरभुरली आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी दोन-दोन ओंजळी घालून माती सारखी केली.

असं मी जूनअखेरपर्यंत चार वेळा केलं. मनात चांगलंच होतं हो. तिला फळं भरभरून यावीत, ती खिडकीतून बघेल, खाली येईल, तिला बरं वाटेल.

आणि जुलैत पानं पिवळी पडली.

ज्या दुपारी केतकी गवतात बसलेली मी पाहिली, त्याच संध्याकाळी निरंजननं मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं, “मातीचा आंबटपणा गेला की पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. चुना किंवा राख पडली तर असं होतं.” मी पोळी लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. राखेनं जन्मभर भांडी घासली मी. तिच्यात खार असतो हे मला का माहीत नव्हतं? आंबटाला खार मारतो. ॲसिडिटीच्या पेशंटला सोड्याची गोळी देताना छत्तीस वर्षं हेच तर करत होते.

“इथं कुठली आलीय राख?” निरंजन म्हणाला.

केतकी काही बोलली नाही. मीही नाही. तिनं अर्धी पोळी खाल्ली आणि वर निघून गेली.

त्यानंतर ती जास्तच खचली. दिवसदिवस पलंगावर. रेवाला पाजायची, पण पाजताना भिंतीकडे बघायची. एकदा मी वर गेले, तर बाथरूममध्ये नळ धोधो सोडून ती नुसती समोर उभी होती. “अगं, बंद कर तो,” म्हटलं, तर दचकली. “कधीपासून चालू आहे?” मलाच विचारलं तिनं.

आठवड्यानं रविवारी नाश्त्याला निरंजननं पोह्यावर लिंबू पिळता पिळता सांगितलं, “आई, मी अर्ज करून टाकलाय. तुझा मुक्काम वाढवायचा. एप्रिलपर्यंत. तिकीट पुढं ढकलू. केतकीला तुझ्याशिवाय जमणार नाही, तू बघतेयस ना.”

“मला विचारलंस का?” मी म्हटलं.

“अगं, विचारायचं काय त्यात? तिकडे तरी तुला काय काम आहे?”

काम नाही, हीच तर माझी सगळी कमाई होती. पण उठले आणि सिंकमधली भांडी घासायला लागले. घासलेली भांडीसुद्धा पुन्हा घासली. निरंजन गाडी धुवायला बाहेर गेला. मला आठ ऑक्टोबर डोळ्यांपुढून जाताना दिसत होता. एखादी एसटी आपल्यासमोरून न थांबता जावी ना, तशी. आणि वरून पुन्हा रेवा रडायला लागली.

वर गेले तेव्हा मनात पुरता राग होता. मुलगी आईच्या शेजारीच होती, हातभर अंतरावर, आणि आई छताकडे बघत होती. मी रेवाला उचललं, खांद्यावर थोपटलं. मग राग कुठं गेला कळलं नाही, नुसता शीण उरला. खुर्चीत बसले आणि म्हटलं, आता होऊ दे काय व्हायचं ते.

“केतकी, झाडं तुझ्या हातानं नाही गेली. मी राख घातली त्यांना. एकदा नाही, चार वेळा.”

तिनं मान वळवली. “मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“या खिडकीतून दिसतं सगळं. तुम्ही ओढणीतून राख चाळत होता.”

“अगं मग ओरडायचंस की! खिडकीची काच वाजवायचीस! चारदा बघितलंस आणि गप्प बसलीस?”

“पहिल्या दिवशी निघाले होते मी खाली यायला. निम्म्या जिन्यापर्यंत आले.” ती उठून बसली. “मग वाटलं, तुम्हाला राग आला तर? तुम्ही म्हणालात, या घरात मला झाडाला हात लावायची चोरी, मी चालले, तर? तुम्ही गेलात तर मी हिच्याबरोबर एकटी काय करणार होते? मला भीती वाटते हिची, आई. एवढ्याशा पोरीची भीती वाटते मला.”

“पण तीन वर्षांची झाडं गं…”

“झाडं परत लावता येतात,” ती म्हणाली.

हिनं आपल्या जिवाची झाडं डोळ्यांदेखत मरू दिली. कशासाठी? तर मी जाऊ नये म्हणून. आणि मी? मी काय केलं होतं? ते माझं मला पक्कं माहीत होतं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी तिला सांगितलं.

“ऐक आता माझं. तुझं मन आजारी आहे हे मला मेमध्येच कळलं होतं. बारशाच्या दिवशी. पाळण्यात घालताना तू रेवाकडे बघितलंही नाहीस. छत्तीस वर्षं बाळंतिणी बघितल्यात मी. अशा बाया ओळखायला मला डॉक्टर लागत नाही. दवाखान्यात असते तर नवऱ्याला धरून सुनावलं असतं, की हिला आधी दाखवा, औषध सुरू करा, हा काही नखरा नाही. तुझ्या बाबतीत मी तोंड उघडलं नाही.”

“का?”

“कारण उघडलं असतं तर मला राहावं लागलं असतं. आठ ऑक्टोबरला जाता आलं नसतं. म्हणून मी रोज स्वतःला सांगत होते, होईल बरी, होईल बरी. आणि झाडांना राख घालत होते.”

मला वाटलं, आता ही रडेल. रडली नाही, चिडली! तीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रक्त आलं.

“तुम्ही नर्स आहात, आई! नर्स! मी रोज उठून म्हणत होते की मीच नालायक आहे. सगळ्या बायकांना जमतं, मलाच जमत नाही. आणि तुम्हाला माहीत होतं की हा आजार आहे?”

“होतं.”

“आणि बोलला नाहीत!”

“थकलेली नर्स आहे मी. मी फार थकलेय गं, केतकी. माझी हाडं थकलीत. मला माझ्या घरी जाऊन नुसतं पडायचंय.”

“मग थकलेय म्हणून सांगायचं की!”

“तू सांगितलंस?”

मला वाटलं आता पुन्हा चिडते, तर ती रडायला लागली, हमसून हमसून. मग मलाही राहवेना. दोघी दोन बाजूंना बसून रडत होतो आणि मध्ये माझ्या मांडीवर रेवा टकामका बघत होती. खाली गाडी धुवायचा पाइप सुरू होता. निरंजनला यातलं काही ठाऊक नव्हतं, बिचारा टायर घासत होता.

बऱ्याच वेळानं पदरानं नाक पुसत मी म्हटलं, “उद्या डॉक्टरकडे जायचं.”

“आणि तुम्ही? जाणार?”

“जाणार.”

तिचा चेहरा पडला. “कधी?”

“तू खडखडीत बरी झालीस की. त्याच्या आधी नाही, त्याच्यानंतर एक दिवस नाही.”

“मग मी बरीच होत नाही,” ती म्हणाली, आणि ओल्या डोळ्यांनी थोडीशी हसली.

“होशील. न होऊन सांगतेस कुणाला!”

दुपारी मी निरंजनला समोर बसवलं. म्हटलं, तुझ्या बायकोला सासू नकोय, डॉक्टर हवाय, उद्या रजा टाक. त्याचा चेहरा खाडकन उतरला. “इतकं आहे? मला वाटलं दमलीय नुसती,” म्हणाला. पोर वाईट नाही हो. त्याला दिसत नव्हतं, कारण घरातलं सगळं कसं आपोआप होत होतं. ते आपोआप म्हणजे मी, हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

“आणि दुसरं,” मी म्हटलं. “मी राहतेय. तू अर्ज केलास म्हणून नाही, मी ठरवलं म्हणून. पण रात्री नऊनंतर सकाळी सातपर्यंत मला हाक मारायची नाही. पोरगी तुझी आहे, तू उठायचं.”

“अगं आई, माझं ऑफिस असतं.”

“माझंही होतं. तुला ताप असला तरी मी नाइटला जायची. तुला आठवत नसेल, मला आठवतं.”

दुसऱ्या दिवसापासून तो उठायला लागला. पहिले आठ दिवस डोळे तांबारलेले घेऊन कामावर जायचा. मला वाईट वाटायचं, पण मी मन घट्ट केलं.

केतकीला गोळ्या सुरू झाल्या, आठवड्याला एक बाई बोलायला यायच्या. बरं व्हायला सात महिने लागले. सरळ रेषेत नाही, दोन पावलं पुढं, एक मागं. दिवाळीला तिनं चकल्या केल्या आणि डिसेंबरात पुन्हा तीन दिवस उठली नाही. माझंही काही पुराणातल्या सतीसावित्रीसारखं नव्हतं. थंडीनं जीव नकोसा झाला होता, चिडचिड करायची, एकदा तर तिच्यापुढं ताट आपटलं. तिनंही मला सुनावलं. पण आता दोघी बोलून दाखवायला शिकलो होतो. गोळ्या सुरू झाल्यावर महिन्याभरात आम्ही मिळून झाडांभोवतीची वरची माती खरवडून काढली, नवी घातली, तिनं गंधक टाकलं. पाचांतली दोन वाचली. त्यांना दोन वर्षांनी फळ आलं, असं तिनं कळवलं.

मार्चमध्ये मी निघाले. विमानतळावर निरंजन म्हणाला, “पुढच्या वर्षी ये.” केतकीनं त्याला कोपर मारलं. ती स्वतः ‘या’ म्हणाली नाही, ‘राहा’ तर नाहीच. रेवाचे हात माझ्या गळ्यातून सोडवून घेतले आणि मला सरळ आत जायला लावलं. मागं वळून बघितलं, तर तिघं उभीच होती. पलीकडे जाऊन मी खुर्चीत बसले आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जायचं म्हणून जीव टाकत होते, आणि जाताना असं.

फलटणला पोचल्यावर पलंगाचं प्लॅस्टिक ओरबाडून काढलं आणि तीन दिवस झोपले. शेजारच्या सुलोचनाबाई दार वाजवून गेल्या म्हणे, मला पत्ताच नाही.

या सात वर्षांत दर रविवारी केतकीचा फोन येतो. हवा कशी, रेवाचे दात पडले, निरंजनचं पोट सुटलंय, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, “आई, झोप झाली का?” माझ्या आईनं विचारलं असेल लहानपणी, मला आठवत नाही. नवऱ्यानं, सासूनं, मुलानं, दवाखान्यातल्या कुठल्या डॉक्टरनं हे मला कधीच विचारलं नाही.

“झाली असती,” मी म्हणते, “तू फोन केला नसतास तर.”